सीए, कर सल्लागार की अकाउंटंट? बारामती-इंदापूरच्या छोट्या व्यावसायिकाने नेमकं कुणाकडे जावं?

बारामती एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप असो, भिगवणचं मच्छीचं हॉटेल असो की इंदापुरातलं कृषी सेवा केंद्र, धंदा जरा वाढला की प्रत्येकजण सांगतो, "एखादा सीए बघ." मग ओळखीतल्या कुणाकडे तरी फाईल जाते. तो खरंच सीए आहे का आणि आपल्याला सीएच लागतो का, हे कुणी विचारत नाही. रिटर्न चुकलं की दंड मात्र दुकानाच्याच नावावर लागतो. 'अकाउंटंटची चूक होती' ही सबब सहसा चालत नाही.

कोण काय करतं?

अकाउंटंट: टॅलीत बिलं टाकणं, खरेदी-विक्री आणि बँक जुळवणं. यासाठी कुठला परवाना लागत नाही.

जीएसटी प्रॅक्टिशनर आणि कर सल्लागार: रिटर्न भरणं आणि नोंदणीची कामं. जीएसटी प्रॅक्टिशनरची जीएसटी पोर्टलवर नोंदणी झालेली असते. 'कर सल्लागार' ही पाटी मात्र अनेकजण लावतात, त्यामुळे शिक्षण आणि नोंदणी विचारून घ्या.

सीए: १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या आयसीएआय या संस्थेचे सदस्य. सदस्य नसताना नावापुढे सीए लावणं हा गुन्हा आहे.

जीडीसी अँड ए: सहकार आणि लेखाशास्त्राची सरकारी पदविका. आपल्या भागात दूध संस्था आणि पतसंस्था भरपूर असल्याने हे नाव कानावर येतं. सहकारी संस्थांच्या ऑडिटमध्ये या पदविकेचा उपयोग होतो. ती असली म्हणून माणूस सीए होत नाही.

मग सीए कधी लागतोच?

धंद्याची वार्षिक उलाढाल १ कोटीच्या वर गेली की साधारणपणे टॅक्स ऑडिट लागतं आणि ते सीएच करू शकतो. रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील, तर ही मर्यादा १० कोटी आहे. प्रायव्हेट लिमिटेड किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल, तर उलाढाल कितीही असो, दरवर्षी सीएकडून ऑडिट करावंच लागतं.

नुसतं जीएसटी रिटर्न भरायला सीए बंधनकारक नाही. छोट्या दुकानाचं काम चांगल्या अकाउंटंटवर आणि वर्षातून एकदा सीएच्या सल्ल्यावर भागू शकतं.

आपल्या धंद्याची माहिती आहे का?

कृषी सेवा केंद्राचं उदाहरण घ्या. बियाण्यावर जीएसटी नाही, रासायनिक खतावर ५ टक्के आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. एकाच गल्ल्यात तीन दर आले. एक नोंद चुकली की वर्षभराचा हिशोब चुकतो.

वर्कशॉपचा प्रश्न वेगळा. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाख आहे, पण जॉबवर्क ही सेवा धरली जाते आणि तिथे मर्यादा २० लाख. त्यात कुणी 'कंपोझिशन घ्या, कर कमी बसतो' असं सांगितलं तर थांबा. कंपोझिशनमधला व्यापारी बिलावर कर लावू शकत नाही, म्हणून समोरच्या कंपनीला क्रेडिट मिळत नाही आणि ऑर्डर दुसरीकडे जाते. हॉटेलचं गिऱ्हाईक क्रेडिट मागत नाही, त्यामुळे तिथे हाच पर्याय सोयीचा ठरू शकतो. चांगला सल्लागार आधी 'तुमचं गिऱ्हाईक कोण?' हे विचारतो.

खरा की खोटा, कसं तपासायचं?

सीएचा सदस्य क्रमांक मागा आणि आयसीएआयच्या वेबसाईटवर नाव शोधा. सीएने दिलेल्या प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन असतो. २०१९ पासून तो बंधनकारक आहे आणि ऑनलाइन तपासता येतो. कर्जासाठी बँकेत कागद देण्याआधी हे दोन मिनिटांचं काम करून घ्या.

काम देण्याआधी हे विचारा

१. महिन्याची फी किती आणि त्यात काय काय येतं? नोटीस आली तर वेगळे पैसे लागतील का?
२. माझं काम प्रत्यक्ष कोण करणार?
३. दर महिन्याला भरलेल्या रिटर्नची प्रत मिळेल का?
४. माझ्यासारखा धंदा असलेले किती ग्राहक आहेत?

'सरकारी फी' म्हणून कुणी जीएसटी किंवा उद्यम नोंदणीचे पैसे मागितले तर लक्षात ठेवा, या दोन्ही नोंदणींना सरकार एक रुपयाही घेत नाही. कागद तयार करण्याची फी घेणं ठीक, पण ती फी म्हणूनच सांगावी.

सगळ्यात महत्त्वाचं: मोबाईल नंबर कुणाचा?

अनेक दुकानांच्या जीएसटी नोंदणीवर सल्लागाराचाच मोबाईल आणि ई-मेल असतो. मग ओटीपी, नोटीस, सगळं त्याच्याकडेच जातं. त्याने रिटर्न भरलं नाही, तर मालकाला कळतं ते थेट नोंदणी रद्द झाल्यावर. सलग ६ महिने रिटर्न नसेल तर ती रद्द होऊ शकते. उशिराला रोज ५० रुपये आणि व्यवहार शून्य असला तरी रोज २० रुपये, ठरावीक मर्यादेपर्यंत. थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं.

म्हणून नंबर आणि ई-मेल स्वतःचाच ठेवा. ओटीपी देणं म्हणजे सही करणं, त्यामुळे आकडे बघूनच द्या. महिन्यातून एकदा पोर्टल उघडून रिटर्न 'फाइल्ड' दिसतंय का ते बघा. सल्लागार बदलायची वेळ आली तर टॅलीचा बॅकअप, पासवर्ड आणि जुनी रिटर्न आधी ताब्यात घ्या.