वाजवीपेक्षां अधिक

इंग्रजी भाषेंत ‘ओव्हरएस्टिमेट’ म्हणून एक क्रियापद आहे. विद्यार्थ्यांस त्याचा मराठी अर्थ विचारला, तर कोणी ‘फाजील किंमत करणें’ असें सांगतो, कोणी ‘अंदाज चढा धरणें’ असें. दोन्ही उत्तरें बरोबर आहेत. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मोल ठरविणें असा. पुढें त्यास मोजदादीचाही अर्थ चिकटला. म्हणून शत्रूचें सैन्य दहा हजार असतां वीस हजार मानणें हा जसा या शब्दाचा विषय, तसाच एखाद्या मनुष्याच्या अंगीं नसलेला गुण त्यास चिकटविणें हाही. ‘ओव्हररेट’ हा त्याचा भाऊबंद. परंतु त्याचा रोख बहुधा गुणांकडे व कीर्तीकडे असतो, संख्येकडे नसतो.

आपला ‘अंदाज’ हा शब्द फारसी असून तो फेंकणें या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. तिरंदाज आणि गोलंदाज हे त्याचेच सोबती. अंदाज म्हणजे मनानें पुढें फेंकलेला गोळा. तो निशाणाच्या पलीकडे पडला कीं ‘ओव्हरएस्टिमेट’ झालें.

नाशिक जिल्ह्यांतील विंचूर हें गांव ज्या सरदार घराण्यामुळें इतिहासास ठाऊक झालें, त्यांतील विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांचें नांव निघालें कीं हा शब्द आम्हांस हटकून आठवतो. १७६० च्या फेब्रुवारींत उदगीर येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें. त्या मोहिमेंत इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींचा व तोफांचा प्रभाव दिसून आला, आणि अब्दालीशींही याच रीतीनें लढावें असें भाऊंनीं ठरविलें. तोफा चांगल्या होत्या, गारदीही चांगले होते. त्यांचें मोल करण्यांत चूक झाली नाहीं. चूक झाली ती दुसऱ्याच गोष्टींत. गोल बांधून, तोफांच्या आश्रयानें, आपली जागा न सोडतां पुढें सरकण्याची शिस्त, चपळ हालचालींवर वाढलेलें आपलें घोडदळ एका हुकुमासरशीं अंगीं बाणवील, हा तो चढा अंदाज! १४ जानेवारी १७६१ रोजीं गारद्यांनीं रोहिल्यांची फळी खिळखिळी करीत आणली. परंतु त्यांच्या शेजारचे विठ्ठल शिवदेव व दमाजी गायकवाड यांचे स्वार गोल मोडून पुढें धांवले, असें सांगतात. रोहिल्यांच्या बंदुकांपुढें त्यांचा टिकाव लागला नाहीं, आणि गारद्यांची बाजू उघडी पडली.

ही चूक लढणाऱ्यांची. आतां तिचा न्याय करणाऱ्यांची पाहूं. या एका धांवेवर साऱ्या पराभवाचा भार घालण्याचा मोह पुष्कळांस होतो. वास्तविक ऑक्टोबर १७६० मध्येंच अब्दाली यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला होता. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले पडले व रसदेची आशा मावळली. छावणींत न लढणाऱ्या माणसांचा मोठा भरणा होता, आणि माणसें व जनावरें उपाशी होतीं. लढाईच्या दिवशीं अब्दालीनें राखीव फौज ऐन वेळीं पुढें घातली, आणि इकडे विश्वासराव गोळी लागून पडले. एवढ्या कारणांच्या रांगेंत एका सरदाराच्या उतावीळपणास पहिलें आसन देणें, हेंही ‘ओव्हरएस्टिमेट’च होय. विंचूरकरांस निर्दोष ठरवावें असें आमचें म्हणणें नाहीं; दोष असेल तेवढाच तोलावा, इतकेंच.

फार काय, त्या पराभवाची किंमतही आपण चढीच लावली. मराठी भाषेनें ‘पानिपत’ हा शब्द सर्वनाशाचा पर्याय करून टाकला. पण अवघ्या दहा वर्षांनीं, १७७१ त, महादजी शिंद्यांसह मराठी फौजा पुन्हां दिल्लींत होत्या.

विंचूरच्या शेजारीं लासलगांवास कांद्याचे लिलाव होतात. तेथें कोणी व्यापाऱ्यानें भलतीच चढी बोली केली, तर चार दिवसांत त्याची चूक त्याच्याच पदरांत पडते. इतिहासाच्या बाजारांत मात्र बोली एकाची आणि तोटा दुसऱ्याचा! तेथील मोलें फिरून तोलावयास पिढ्या लागतात; म्हणून तराजू हातीं घेणारानें हात जपावा, हें बरें.