नक्षी शिल्लक आहे, पण टायर?

टायर तपासायचा म्हणजे नक्षी बघायची, अशी आपली पक्की समजूत आहे. खाचा खोल असल्या तर टायर चांगला, गोटा झाला तर बदलायचा. ही समजूत चुकीची नाही, पण ती टायरच्या इतिहासातल्या एकाच टप्प्यावर तयार झाली. टायर जसजसा टिकाऊ झाला तसतशी त्याच्या अखेरीची खूण जागा बदलत गेली आणि तपासणी दर वेळी मागे राहिली, असे माझे म्हणणे आहे. डनलॉपने 1888 मध्ये बेलफास्टला हवेचा टायर केला. त्यानंतर मोटारींना आलेले सुरुवातीचे टायर पांढरट रबराचे होते आणि त्यांच्या आत सुती कॅनव्हास असे. उभे-आडवे विणलेले धागे चालत्या चाकात एकमेकांना घासून तुटत आणि काही हजार मैलांतच टायर निकामी होई. कित्येक टायरांना नक्षी नव्हतीच. कॉन्टिनेन्टलने मोटारीसाठी नक्षीदार टायर आणला तो 1904 मध्ये. तेव्हा खाच मोजण्याचा प्रश्नच नव्हता. रबरातून कापड डोकावले की टायर संपला.

1910 नंतरच्या दशकात रबरात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळू लागले. टायर काळा झाला आणि कितीतरी चिवटही. कॅनव्हासच्या जागी समांतर दोऱ्यांचे थर आले. आता टायर फुटण्याआधी झिजेपर्यंत जगू लागला आणि गोटा टायर हा नवा धोका उभा राहिला. वेगातल्या चाकाखालून पाणी बाहेर पडले नाही तर त्याची पाचर होऊन ती टायरलाच उचलते. मग स्टिअरिंग फिरते, ब्रेक दाबला जातो, पण गाडी ऐकत नाही. नासाच्या लँगली केंद्रात 1960 च्या दशकात विमानांच्या चाकांवर याचा कसून अभ्यास झाला. 1968 पासून अमेरिकेत मोटारीच्या टायरच्या खाचांच्या तळाशी 1.6 मिलिमीटर उंचीचे रबरी उंचवटे सक्तीचे झाले. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा. ब्रिटनने 1992 मध्ये 1 मिलिमीटरची मर्यादा वाढवून 1.6 केली. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 94 वा नियमही मोटारींसाठी तेवढीच खोली मागतो. दुचाकी आणि तीनचाकींना 0.8 पुरते.

कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरच जास्त धरतो, शर्यतीच्या गाड्या पाहा, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण शर्यतीचे टायर मऊ रबराचे, काही फेऱ्यांत टाकून देण्याचे असतात आणि पाऊस आला की तिथेही खाचांचे टायर चढवतात. कोकणात किंवा घाटात चार महिने पाऊस झेलणाऱ्या गाडीला तो दाखला लागू नाही.

खरी अडचण पुढची आहे. मिशेलिनने 1946 मध्ये रेडियल रचनेच्या टायरचे पेटंट घेतले आणि या रचनेमुळे टायरचा तळ फारच सावकाश झिजू लागला. कमी धावणाऱ्या घरगुती गाडीत सात-आठ वर्षांनीही नक्षी ठसठशीत दिसते. तोवर रबर मात्र आतून कडक झालेले असते आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा पडलेल्या असतात. 2000 मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले, तेव्हा दोष नक्षी झिजण्याचा नव्हता. रबराचा थर पोलादी पट्ट्यांपासून सुटत होता. त्यानंतरच्या कायद्यातून हवेचा दाब सांगणारी यंत्रणा तिथल्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. आता डॅशबोर्डच सांगतो, मग वाकून कशाला बघायचे, असा प्रश्न इथेच येतो. त्या नियमानुसार दिवा लागण्याची अट दाब 25 टक्क्यांनी उतरण्याची आहे. म्हणजे 33 पीएसआय हवी तिथे जवळपास 25 होईपर्यंत तो गप्प राहू शकतो. दोन्ही कडा झिजल्या, म्हणजे हवा कमी राहिली. फक्त मधला पट्टा झिजला, म्हणजे जास्त झाली. हे तो दिवा सांगत नाही. तळावरून हात आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोचरे लागले तर अलाइनमेंट बिघडलेले असते. तेही हातालाच कळते. वय मात्र भिंतीवर कोरलेले असते. 2000 पासून तिथे चार आकडे येतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. टायर चढवताना ती बाजू बऱ्याचदा आत जाते आणि मग ते आकडे वाचायला बॅटरी घेऊन गाडीखाली डोके घालावे लागते.