निपाणीची फाईल

निपाणीकराचं दुखणं गावात आटोपेनासं झालं की वाटा तीन : उत्तरेला कोल्हापूर, दक्षिणेला बेळगाव, नाहीतर मिरज. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशन हॉस्पिटल उभारलं. बेळगावात केएलई संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झालं. त्याआधीच, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, निपाणीहून कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्या वाटांवर राज्याची सीमा आली होती. पेशंटची फाईल मात्र पिशवीतून इकडेतिकडे जात राहिली.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असेल तर फाईल हरवून चालत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. आज एका डोळ्याला अंधुक दिसतं, वर्षा-दोन वर्षांनी पाय जड होतो. ही दोन दुखणी एकाच आजाराची, हे जुने कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं. १९८० च्या दशकात एमआरआयमुळे मेंदूतले चट्टे दिसू लागले. त्याच दशकात, १९८३ साली, अमेरिकेतले डॉ. जॉन कुर्ट्झके यांनी एमएसमधलं अपंगत्व मोजणारी शून्य ते दहा अशी सुधारित मोजपट्टी दिली. तिच्या मधल्या पायऱ्या चालण्यावर ठरतात : आधाराशिवाय ५०० मीटर जमलं तर चार, काठी घेऊन १०० मीटर जमलं तर सहा.

पण तपासणी होणार कधी? सहा महिन्यांनी, डॉक्टरांसमोर. मधल्या दिवसांचा हिशेब पेशंटच्या आठवणीवर.

ती फट मोबाईलने बुजवायला घेतली. २०१८ च्या ‘फ्लडलाईट ओपन’ या प्रयोगात फोन खिशात ठेवून चालायचं, पडद्यावर आकृत्या गिरवायच्या. फोनमधले सेन्सर चाल आणि बोटांची हालचाल टिपत. अशा रोजच्या नोंदीचा उपयोग इथल्या उन्हाळ्यात कळतो. अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती उसळतात. थंडावा मिळाला की ओसरतात. नवा झटका धरायला त्रास किमान २४ तास टिकावा लागतो.

देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेतला ‘आभा’ हा आरोग्य-ओळख क्रमांक राज्य पाहत नाही. पेशंटची संमती असेल आणि दवाखाना त्या यंत्रणेला जोडलेला असेल, तर बेळगावचा अहवाल कोल्हापुरात उघडतो. खर्चाचं तसं नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली.