समुद्राकाठचा विसावा

हिंजवडीहून समुद्र तसा फार लांब नाही. मध्ये सह्याद्री आडवा उभा आहे, एवढेच. म्हातोबाच्या बगाडासाठी पंचक्रोशीला ठाऊक असलेल्या या गावात गेल्या तीन दशकांत संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागून उंच इमारती आल्या, आणि घरापासून दूर राहून स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या हजारो मुलीही आल्या. अशा दोघी मैत्रिणींनी चार दिवस समुद्राकाठी जाऊन नुसते पडून राहायचे ठरवले, तर त्यांनी कोठे जावे? वाचकहो, प्रश्न साधा वाटतो. पण तो घरी विचारून पाहा. आई विचारते, "बरोबर कोण आहे?" वडील म्हणतात, "जागा सुरक्षित आहे ना?" आणि मुलींच्या डोळ्यांपुढे असतात ती कॅरिबियन बेटांची चित्रे: निळे पाणी, पांढरी वाळू, झावळीखालची आरामखुर्ची. इतिहासाच्या प्राध्यापकाने यात तोंड घालण्याचे कारण एवढेच की 'सुरक्षित' आणि 'विसावा' या दोन्ही शब्दांना इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतल्यास निवड सोपी होते.

पहिली गोष्ट अशी की समुद्राकाठी विसाव्याला जाणे ही कल्पनाच मुळी नवी आहे. आपल्याकडे समुद्र हे तीर्थ. पर्वकाळ सोडून एरवी समुद्रस्नान करू नये, असा जुना दंडक. हरिहरेश्वरला लोक गेले ते देवासाठी. वाळूत लोळावयास कोणी गेले नाही. युरोपातही निराळे नव्हते. तेथील सामान्य माणूस समुद्राला वादळ आणि चाचे यांचे घर समजे. अठराव्या शतकात इंग्लंडातील डॉक्टर रिचर्ड रसेल याने समुद्राचे पाणी औषधी असल्याचे प्रतिपादन केले. त्याचा ग्रंथ १७५२ साली इंग्रजीत आला आणि ब्रायटनच्या किनाऱ्याकडे रोग्यांची रीघ लागली. रोग्यांच्या मागून हौशी लोक आले. म्हणजे आजच्या सुट्टीचा उगम औषधाच्या बाटलीत आहे म्हणा ना!

कॅरिबियन बेटांचेही तसेच. १७५१ साली जॉर्ज वॉशिंग्टन, पुढे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झालेला तोच, आपल्या क्षयी सावत्रभावाला घेऊन बार्बाडोस बेटावर हवापालटासाठी गेला. भावाला गुण आला नाही. तो पुढच्याच वर्षी वारला. खुद्द जॉर्जला मात्र तेथे देवी आल्या! चित्रातला स्वर्ग प्रत्यक्षात कसा निघेल हे सांगता येत नाही, एवढा धडा यातून घ्यावा. त्याच बेटाची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बार्बाडोसचा पश्चिम किनारा शांत, तर अटलांटिकला तोंड देणारा पूर्व किनारा खवळलेला. बेट एकच, पण एका बाजूला पोहावे आणि दुसऱ्या बाजूला लांबून पाहावे. तेव्हा "अमुक देश सुरक्षित आहे का?" हा प्रश्नच चुकीचा. किनारा कोणता, ऋतू कोणता, वेळ कोणती, आणि मागे वस्ती कोणाची, असे विचारावयास हवे.

आता विसाव्याकडे वळू. आपल्या आज्या-पणज्यांना विसाव्याची जागा एकच ठाऊक होती: माहेर. दुसरी फार तर तीर्थयात्रा. तीही घरच्या माणसांच्या सोबतीने, आणि बहुधा उतारवयात. तरुण बाईने घराबाहेर पडावयाचे तर काहीतरी भक्कम कारण लागे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अठराव्या वर्षी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या; पती बरोबर नव्हते. निघण्यापूर्वी, फेब्रुवारी महिन्यात, श्रीरामपूर येथे सभेपुढे उभे राहून "मी का जाते" याचा खुलासा त्यांना करावा लागला. त्याच वर्षी पंचवीस वर्षांच्या पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या. बरोबर लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. दोघी तरुण मराठी बायका आणि एक लेकरू, पुरुषाच्या सोबतीवाचून समुद्रावर! त्या काळी समुद्रपर्यटन कलिवर्ज्य मानले जाई आणि विलायतेहून परतणाऱ्या पुरुषांनासुद्धा प्रायश्चित्त घ्यावे लागे, हे आठवले म्हणजे या धाडसाचे मोल कळते. पण पाहा, यांतल्या कोणीही विसाव्यासाठी गेल्या नाहीत. एक वैद्यकासाठी गेली, दुसरी शिक्षणासाठी. "मला थकवा आला आहे, मी समुद्राकाठी चार दिवस बसणार आहे" असे सांगून घराबाहेर पडणारी मराठी मुलगी ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. तिच्याकडून खुलासा मागण्याची सवय मात्र आपली अजून गेलेली नाही.

म्हणून "जागा सुरक्षित नाही, जाऊ नका" हे उत्तर देणे सोपे, पण ते उत्तर नव्हे. सुरक्षित जागा तयार सापडत नसतात. त्या माणसांनी घडविलेल्या असतात. याचा दाखला हिंजवडीहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे: श्रीवर्धन.

मुळशीचे धरण डाव्या-उजव्या हाताला दाखवीत रस्ता ताम्हिणीच्या घाटाने खाली उतरतो, माणगावला येतो, आणि म्हसळ्यावरून श्रीवर्धनला जातो. सतराव्या शतकाच्या अखेरीस याच्या उलट दिशेने एक घराणे निघाले होते. श्रीवर्धनचे भट घराणे, तेथले देशमुख. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचाला कंटाळून बाळाजी विश्वनाथ घाट चढून देशावर आले, आणि १७१३ मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. जीव वाचवायचा तर किनारा सोडून घाट चढावा, असा तो काळ. सिद्दी, आंग्रे, पोर्तुगीज, इंग्रज या सर्वांच्या आरमारांची या पाण्यावर ये-जा होती, आणि किनाऱ्यावरच्या गरीब गावाला दोन्हीकडून भीती होती. श्रीवर्धन पुढे जंजिरा संस्थानातच राहिले. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले. आज त्याच श्रीवर्धनला घाटावरच्या मुली विसाव्यासाठी उतरतात. वाळू तीच, भरती तीच. बदलली ती माणसांची व्यवस्था.

समुद्राचा स्वभाव मात्र बदललेला नाही, आणि तो ओळखण्याचे शास्त्र आपल्या कोळी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून होडी पाण्यात लोटायची नाही, हा नियम देवाच्या नावाने सांगितलेला असला तरी त्यात ऋतूचे ज्ञान आहे. सरकारही आता पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते. हे ज्ञान बाजूला ठेवले की काय होते ते १७ जुलै १९४७ रोजी दिसले. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट ऐन पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. गंमत अशी की दूरच्या कॅरिबियन बेटांनाही हाच नियम लागू आहे. तेथे जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. म्हणजे पंचांग निराळे, पण समुद्राचा 'चातुर्मास' दोन्हीकडे आहेच!

पण नुसता ऋतू पाहून भागत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी, म्हणजे समुद्र शांत असण्याच्या दिवसांत, पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले. आम्हां शिकविणाऱ्यांना ती तारीख विसरता येत नाही. घाटावरच्या मुलांना नदी कळते, विहीर कळते. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते, हे पुस्तकात वाचलेले असते, अंगाला ठाऊक नसते. म्हणून एक जुना हिशेब येथे देतो, तो पाठ करून ठेवावा. पंधरवड्यातील तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल तितक्या वाजता, दुपारी आणि रात्रीही, साधारणपणे पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती पूर्ण, आणि त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अर्धाएक तास इकडेतिकडे होईल, पण दिशा चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार बेताचा.

हा हिशेब कशासाठी? पाणी उतरू लागले की ते माणसालाही आत ओढते. म्हणून पाण्यात जावयाचे ते पाणी चढत असताना, कमरेच्या वर नाही, आणि एकीने पाण्यात तर दुसरीने काठावर. दोघी आहात याचा खरा उपयोग हाच. आणि कधी ओढीत सापडलेच तर काठाकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर सरकावे, ओढ संपली की मग वळावे.

समुद्र झाला, आता माणसे. किनारा निवडताना वाळू पाहू नये, वाळूच्या मागे काय आहे ते पाहावे. श्रीवर्धन किंवा दिवेआगर येथे सुरूच्या बनामागे सुपारीच्या वाड्या आहेत, वाड्यांत घरे आहेत, घरांत माणसे आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली; दिवेआगरचा शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या अभ्यासकांना सुपरिचित. सांगण्याचा मुद्दा असा की ही आज उठून बसविलेली ठिकाणे नव्हेत, हजार वर्षांची नांदती गावे आहेत. येथे घरगुती खानावळी चालविणाऱ्या बायका आहेत. संध्याकाळी सातला परत आला नाहीत तर "पोरी कुठे राहिल्या?" म्हणून दारात येऊन पाहणारी बाई ज्या घरात आहे, ते घर कोणत्याही पहारेकऱ्याच्या फाटकापेक्षा अधिक सुरक्षित. न्याहारी-निवास योजनाही याच तत्त्वावर उभी आहे. उलट, मैलभर वस्ती नसलेला 'अस्पर्श' किनारा चित्रात सुंदर दिसतो. पण हाक मारली तर ओ देणारे तेथे कोणी नाही.

वस्तीच्या जोडीला व्यवस्था हवी. गोव्याने बुडण्याच्या वाढत्या घटना पाहून २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. काम खाजगी संस्थेकडे दिले, पण जबाबदारी राज्याने घेतली. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेले 'ब्लू फ्लॅग' मानांकन पाण्याची स्वच्छता आणि सुरक्षिततेची सोय पाहून दिले जाते. महाराष्ट्रातील पाच किनाऱ्यांना ते मिळाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, त्यांत श्रीवर्धन, नागाव, गुहागर आणि लाडघर ही नावे आहेत. अर्थात झेंडा पाहून निर्धास्त होऊ नये. जीवरक्षक जागेवर आहे का, आणि तो किती वाजेपर्यंत असतो, हे गेल्या गेल्या विचारावे.

तर मग निवड. हरिहरेश्वर पाहावे, पण पोहण्यासाठी नव्हे. तेथील प्रदक्षिणेची वाट खडकांतून जाते आणि ती फक्त ओहोटीतच करावयाची. भरतीच्या लाटेने माणसे ओढून नेल्याचे प्रसंग तेथे घडले आहेत. मुरूडला जंजिरा किल्ल्यासाठी जावे. चार दिवस पाय पसरून बसावयाचे असेल, पुस्तक वाचावयाचे असेल, उकडीचे मोदक खाऊन दुपारी झोपावयाचे असेल, तर माझे मत श्रीवर्धन किंवा दिवेआगरला. काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शक्य तर शनिवार-रविवार टाळून. पुण्याहून श्रीवर्धनला एस. टी. जाते, आणि मार्च २०२३ पासून बायकांना तीत निम्मे भाडे आहे. घाट उजेडी उतरावा. भ्रमणध्वनीत ११२ हा क्रमांक असावा आणि मुक्कामाच्या घराचा पत्ता घरी कळवलेला असावा.

आणखी एक सांगावयाचे राहिले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. पिढ्यांनी वाढविलेल्या सुपारी-नारळाच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड पुन्हा फळाला येण्यास वर्षे लागतात. मधल्या काळात अनेक घरांना आधार झाला तो पाहुण्यांच्या जेवणाचा आणि मुक्कामाचा. तुम्ही तेथे दिलेले पैसे त्या वाडीत रुजतात. आणि पाहुण्या म्हणून बायका येऊ लागल्या की गावही त्यांच्या येण्याला सरावते. पहिल्या दोघींकडे वळून पाहिले जाते, पन्नासाव्या दोघींकडे कोणी पाहत नाही. किनारा सुरक्षित होतो तो असाही.

ज्यांना पुढे कधी बार्बाडोसला जावयाचे असेल त्यांनी खुशाल जावे. रमाबाईंच्या देशातील मुलींना समुद्र ओलांडण्याची भीती कशाला? हिशेब तेथेही हाच लावावा: ऋतू, बाजू, पाणी, वस्ती. आणि घरच्यांनी "बरोबर कोण आहे?" असे विचारले, तर उत्तर द्यावे, "मैत्रीण आहे, आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रकही आहे." एवढे उत्तर पुरेसे मानावयास आपण घरातली वडीलधारी माणसे शिकलो, म्हणजे झाले.