नळीवरची काच : चांद्याच्या शिकारीतला दुर्बिणीचा प्रश्न

चांदा जिल्ह्यातल्या शिकारीविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात वाघ आहे, मचाण आहे, साहेब आहे, साहेबाची रायफलही आहे. नेम धरण्याच्या साधनाविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सावली, मूल, सिंदेवाही या भागातले जुने मालगुजारी वाडे पाहत आणि इंग्रज अधिकाऱ्यांची पुस्तके चाळत या विषयाकडे आलो. त्या वाड्यांत चितळाची शिंगे दिसली, पेंढा भरलेली मुंडकी दिसली, ठासणीच्या बंदुका आणि एखाददुसरी दुनळीही दिसली. दुर्बीण चढवलेली रायफल मात्र एकाही वाड्यात दिसली नाही. मालगुजारांकडे पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. मग तिच्यावाचून त्यांचे काय अडले नाही, हा प्रश्न मला पडला.

दुर्बीण नवी होती, हे उत्तर पुरत नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, नेमबाज रायफलीवर लांबलचक पितळी वा पोलादी नळकांडी चढवून शेकडो यार्डांवरचा माणूस टिपत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनी-ऑस्ट्रियातले शिकारी दुर्बिणीची रायफल सर्रास वापरू लागले. पहिल्या महायुद्धाने तर तिची सगळ्या जगाला ओळख करून दिली. तरीही मध्य प्रांतातला शिकारी उघड्या नेमाचाच राहिला. नळीच्या टोकाशी माशी, मागे खाच, आणि दोन्ही एका रेषेत आणणारा डोळा. कुमाऊंच्या जिम कॉर्बेटची गाजलेली .२७५ रिग्बी रायफलही अशीच, काचेवाचूनची.

याचे कारण आधी जमिनीत शोधावे लागते. सावलीहून कोणत्याही दिशेला जंगलात शिरा. साग, ऐन, बीजा, मोह, आणि त्यांच्या पायाशी बांबूची बेटे. पावसाळ्यानंतर तीस पावलांपलीकडचे जनावर दिसत नाही. दिसलेच तर कान दिसतो, शेपूट दिसते. पानगळ झाली की नजर थोडी पुढे जाते. वाघाच्या शिकारीचा हंगाम उन्हाळ्यात असे तो याचमुळे आणि पाणवठे मोजकेच उरतात म्हणून. तरीही अंतर शंभर यार्डांच्या आतबाहेरच. कॅप्टन जेम्स फोर्सिथ या मध्य प्रांतातल्या अधिकाऱ्याला हे चांगले कळले होते. १८७१ साली निघालेले त्याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ पुष्कळांना माहीत असते. त्याआधी त्याने शिकारी रायफलीवर एक तांत्रिक पुस्तक लिहिले होते, ते फारसे कोणी उघडत नाही. त्यात त्याचा आग्रह असा की गोळी जड आणि गोल असावी, नळीतला पीळ मंद असावा आणि दारू भरपूर असावी. मग शिकारीच्या नेहमीच्या अंतरात गोळी जवळजवळ सरळ जाते आणि नेमाची पट्टी वरखाली करण्याची गरज उरत नाही. लांब मारा करणाऱ्या लष्करी रायफलीचे गुण त्याला इथे निरुपयोगी वाटत. हा माणूस आपल्या जंगलाच्या मापाने बंदूक बेतत होता, म्हणून मला तो आवडतो.

सावलीच्या परिसरात एक अपवाद आहे. हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. असोलामेंढ्यासारखा मोठा तलाव आणि त्याच्या जोडीला असंख्य बोड्या. धान कापल्यावर बांध्या उघड्या पडतात. तिथे संध्याकाळी रानडुकरे आणि चितळे उतरतात, आणि दोनशे यार्ड नजर मोकळी धावते. इथे काच उपयोगी पडली असती. पण पिकाच्या राखणीला शेतकऱ्याच्या हाती असे ती भरमार बंदूक. तिचा छर्रा तीस-चाळीस यार्डांपलीकडे भरवशाचा नाही. तिच्यावर दुर्बीण म्हणजे बैलबंडीला आरसा.

आता काचेकडे वळू, कारण तिची निवड कशी करावी याविषयी आजही गैरसमज फार आहेत. सर्वांत मोठा गैरसमज असा की वस्तू जितकी मोठी दिसेल तितकी दुर्बीण चांगली. जंगलात प्रश्न असतो उजेडाचा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. चारपट वर्धन आणि बत्तीस मिलिमीटरचे भिंग असेल तर झोत आठ मिलिमीटरचा. दहापट वर्धन आणि चाळीसचे भिंग असेल तर अवघा चार मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, पन्नाशीनंतर पाचाच्या आसपास (हे मला आता पुस्तकावाचूनही कळते). म्हणजे दिवेलागणीला, जनावर पाण्यावर येते त्याच वेळी, दहापट दाखवणारी काच काळोख दाखवते आणि चारपटीची काच जनावर दाखवते. शिवाय वर्धन वाढले की दिसणारे क्षेत्र आक्रसते. बांबूतून निघून क्षणात नाहीसे होणारे जनावर त्या चिमुकल्या वर्तुळात सापडतच नाही.

जुन्या काचांत आणखी एक खोट होती. लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग अनेक असतात. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली परावर्तन रोखणारा लेप शोधला, पण तो बराच काळ लष्कराचे गुपित राहिला. आपल्या पावसाळ्यात नळीच्या आत दव धरे, भिंगावर बुरशी चढे. आत कोरडा नायट्रोजन भरून नळी बंद करण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. तारांचा फुलीनेम काळोखात दिसत नाही, म्हणून जर्मन शिकारी जाड खुंट्यांचा नेम पसंत करीत. आणि डोळा काचेपासून तीन-चार इंच लांब ठेवता आला नाही तर जड रायफलीच्या धक्क्याने कडा भुवईत रुतते. मचाणावर वेडेवाकडे बसून वाघाला जड रायफल मारणाऱ्याने ही जोखीम का घ्यावी? तो नळीला टॉर्च बांधत असे. त्याची खरी गरज टॉर्चने भागत होती.

दुर्बिणीची रायफल इथे ठळकपणे आली ती स्वातंत्र्यानंतर, परदेशी पाहुण्यांबरोबर. मालगुजारी गेली आणि शिकारीचा धंदा कंपन्यांकडे आला. नागपूरची ‘ऑल्विन कूपर’ ही त्यांतली नावाजलेली कंपनी. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी ती राजकारणात येण्यापूर्वी काढली होती. अमेरिकन गिऱ्हाईक आपली रायफल आणि तिच्यावरची काच घेऊन उतरे. तिथल्या उघड्या डोंगरांत तीनशे यार्ड हे रोजचे अंतर. मात्र शंभर यार्डांवर नेम बांधलेल्या तीस-ओ-सिक्सची गोळी तीनशे यार्डांवर फुटाहून जास्त खाली उतरते, आणि तिथे पोहोचायला तिला सेकंदाचा तिसरा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात जनावर पाऊल टाकते. काच जनावर जवळ आणते, गोळीचा रस्ता मात्र तेवढाच लांब राहतो. छातीवर धरलेला नेम पोटात बसतो.

मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते याच्या पुढचे. जखमी जनावर बांबूत शिरले की त्याचा माग काढायला कोण जाई? हाक्याला आणलेले गोंड, माडिया आणि गावातले इतर लोक. बरेचदा हातात कुऱ्हाड, काठी, डबडे. शिकारपुस्तकांत रक्ताच्या मागाची वर्णने थरारक असतात. त्यात साहेबाला नाव असते, कधी त्याच्या रायफलीलाही असते. पुढे चालणारा माणूस मात्र ‘माझा एक हाकेवाला’. उघड्या नेमाच्या शिकाऱ्याला निदान जवळ यावे लागे, वाट पाहावी लागे, आणि चूक झालीच तर तिच्या जवळपास तोही असे. लांबचा नेम धोक्याचे अंतर वाढवी ते फक्त नेम धरणाऱ्यापुरते.

ताडोब्यात शिकार १९३५ सालीच बंद झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, खादीसाठी नावाजलेल्या आमच्या सावलीत गांधी सेवा संघाचे संमेलन भरले आणि गांधीजी तिथे राहिले. दोन घटनांचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो; संबंध नाही. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९७० मध्ये देशभर वाघाच्या शिकारीला बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मचाणाचा जमाना संपवला.

काच मात्र परत आली आहे. तिच्याखाली आता गॅसवर चालणारी भुलीची बंदूक असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात ‘सीटी-१’ हा वाघ असाच बेशुद्ध करून पकडला. त्याच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू होते. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण रात्री गोळीने मारली गेली. तिला आधी डार्ट मारला की आधी गोळी, यावरच नंतर मोठा वाद झाला. भुलीच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला वीस ते चाळीस मीटर, म्हणजे फोर्सिथच्या मापाहूनही कमी. सुई हळू जाते आणि झपाट्याने खाली येते, म्हणून अंतर मोजून त्या अंतराचा दाब लावावा लागतो. वीस मीटरचा दाब दहा मीटरवर वापरला तर सुई मांसात खोल घुसून इजा करते. कमी वर्धनाची, रुंद क्षेत्र दाखवणारी, झाडीच्या सावलीत उजळ राहणारी काच या कामाला लागते. मालगुजाराने दुर्बीण घेतली असती, तर त्यालाही हीच घ्यावी लागली असती.

सुई मांडीत किंवा खांद्यात नीट बसली तरी वाघ तिथेच पडत नाही. झायलाझिन आणि केटामिन अंगात भिनायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात तो उठतो आणि बांबूत शिरतो. अर्धवट गुंगीतला वाघ ओढ्यात किंवा बोडीत पडला तर बुडून मरू शकतो, म्हणून त्याला नजरेआड होऊ देता येत नाही. नेमबाज सहसा गाडीवर किंवा मचाणावर असतो. वनरक्षक, वनमजूर आणि गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरे हातात काठ्या घेऊन त्याच्या मागावर पायी निघतात.