युद्धकाळांतील ओळखवही

पूर्वजांचा शोध घेणाऱ्यास दर दहा वर्षांची खानेसुमारी हा मोठाच आधार होय. परंतु इंग्लंड व वेल्समध्यें हा आधार मध्येंच तुटला आहे. १९३१ च्या खानेसुमारीचे कागद १९४२ च्या डिसेंबरांत आगींत भस्म झाले. १९४१ ची खानेसुमारी युद्धामुळें झालीच नाहीं. आणि १९५१ चे कागद शंभर वर्षें बंद राहावयाचे आहेत.

ही उणीव युद्धानेंच कांहीं अंशीं भरून काढली. २९ सप्टेंबर १९३९ रोजीं घरोघर माणसांची नांवें, जन्मतारखा, व्यवसाय व विवाहस्थिति नोंदून ओळखपत्रें देण्यांत आलीं. हेतु शिधावांटपाचा व मनुष्यबळाचा होता, इतिहासाचा नव्हे. पुढें स्त्रीचा विवाह झाला म्हणजे त्याच वहींत माहेरचें नांव खोडून सासरचें लिहीत. त्यामुळें एरवीं नजरेआड होणाऱ्या लेकींचा माग आज लागतो.

मात्र छावणींतील सैनिक या वहींत नाहींत, आणि घरांतील माणसांचें परस्पर नातेंही तींत लिहिलेलें नाहीं. शहरांतून खेड्यांत धाडलेलीं परकीं मुलेंही त्या घरांतच नोंदलेलीं आढळतात. एका छपराखालचीं सारींच माणसें आप्त समजल्यास वंशावळ चुकते. यास्तव या वहीची साक्ष जन्मविवाहाच्या दाखल्यांशीं ताडूनच स्वीकारावी.