डिझेल गाडी तापते, अ‍ॅव्हरेजही घटले? घरच्या घरी अशी करा तपासणी

उन्हाळ्यात डिझेल गाडी तापू लागली, की अनेकदा थर्मोस्टॅटच काढून टाकला जातो. काटा खाली येतो, मालक निश्चिंत होतो. पण अ‍ॅव्हरेज घटते ते इथूनच.

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची वाट उघडणारा छोटा व्हॉल्व्ह. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो. तोवर कूलंट इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर गरम होते. तो नसेल किंवा उघडाच अडकला असेल, तर इंजिन थंड राहते, ऑइल घट्ट राहते आणि डिझेल जास्त जळते. बंद अडकला तर इंजिन तापते.

काढलेला थर्मोस्टॅट तारेने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. उकळी येण्याआधी तो उघडला आणि गार झाल्यावर मिटला, तर ठीक. नाहीतर बदला.

गाडी पूर्ण गार असताना ही कामे करा :

• कूलंटची पातळी 'मिन' आणि 'मॅक्स' खुणांच्या मध्ये हवी. बोअरचे पाणी टाकू नका, क्षार साचून रेडिएटर चोंदतो. कूलंट कंपनीने सांगितलेलेच वापरा.
• रेडिएटरच्या जाळीतली धूळ, पाचट, किडे हलक्या धारेने काढा. जोराच्या प्रेशरने पत्रे वाकतात.
• धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर वरचेवर पाहा.
• टायरमधील हवा ड्रायव्हरच्या दाराजवळील स्टिकरप्रमाणे ठेवा.

अ‍ॅव्हरेज अंदाजाने सांगू नका. टाकी फुल करा, गाडी चालवा, पुन्हा फुल करा. ४५० किलोमीटरला २५ लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज १८.

काटा लाल खुणेकडे गेला, तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. किमान अर्धा तास थांबा. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उडते. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका.

गळती दिसत नसताना कूलंट सतत कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता असते. तेव्हा गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा.

जुने कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले आणि जनावरांपासून लांब ठेवा.